डोंबिवलीचा आकडा

१२३४५६७८९८७६५४३२१

वरच्या ओळीत झेरॉक्सची काही गडबड झालेली नाही. ही एकच पूर्ण संख्या आहे, सतरा अंकी. एकपासून नऊपर्यंत चढायचे आणि नऊपासून पुन्हा एकपर्यंत उतरायचे. डावीकडून वाचा की उजवीकडून, सारखीच. इथली अरबी मंडळी मजकूर उजवीकडून वाचतात, पण आकडे मात्र आपल्यासारखेच, मोठे स्थान डावीकडे ठेवून लिहितात. या एका संख्येपुरता तो फरकही उरत नाही. (दिनारच्या नोटेवर अरबी बाजूला जे आकडे असतात त्यांना अरबीत ‘हिंदी आकडे’ म्हणतात. नव्याने आलेल्या मंडळींना हे ठाऊक नसते, म्हणून सांगून ठेवते.)

या संख्येला गणिताच्या पुस्तकांत ‘वंडरफुल डेम्लो नंबर’ असे नाव आहे. डेम्लो हे कुणा इटालियन प्रोफेसराचे आडनाव असावे असे प्रथम वाटते. तसे काही नाही. डेम्लो म्हणजे डोंबिवली! जुन्या जी.आय.पी. रेल्वेवरचे, मुंबईपासून सुमारे ३० मैलांवरचे स्टेशन. आपल्या मंडळात डोंबिवलीकरांची संख्या काही कमी नाही. एवढी मोठी संख्या आपल्या स्टेशनच्या नावाने जगभर ओळखली जाते हे त्यांच्यापैकी कितीजणांना माहीत आहे कोण जाणे.

हे नाव देणारे गृहस्थ म्हणजे दत्तात्रेय रामचंद्र कापरेकर. जन्म १७ जानेवारी १९०५ रोजी डहाणूचा. आई ते आठ वर्षांचे असताना गेली, वडील कारकून होते आणि त्यांना ज्योतिषाचा नाद होता. आकडेमोड घरात होती ती अशी. माध्यमिक शिक्षण ठाण्याला आणि कॉलेज पुण्याला, फर्ग्युसनमध्ये. १९२७ साली स्वतंत्र गणिती लेखनासाठीचे रँग्लर परांजपे पारितोषिक त्यांना मिळाले आणि १९२९ साली ते मुंबई विद्यापीठाचे पदवीधर झाले. पुढे एम.एस्सी. नाही की पीएच.डी. नाही. १९३० साली ते नाशिकजवळच्या देवळालीला शाळामास्तर झाले आणि १९६२ साली निवृत्त होईपर्यंत मास्तरच राहिले.

ठाण्याहून पुण्याला जाणारी गाडी डोंबिवलीवरूनच जाते. या संख्यांचा विचार प्रथम त्या स्टेशनवर सुचला म्हणून त्यांनी नाव दिले डेम्लो. स्टेशनवर गाडीची वाट पाहत आपणही पुष्कळ उभे राहिलो आहोत. असो.

आता ही संख्या येते कुठून ते पाहू. नऊ वेळा एक लिहा: १११११११११. तिचा वर्ग करा. उत्तर वरची संख्या. विश्वास बसत नसेल तर आधी लहान उदाहरण शाळेतल्या पद्धतीने मांडू:

१११ × १११
= १११ + १११० + १११००
= १२३२१

या तीन ओळी एकाखाली एक लिहिल्या की प्रत्येक ओळ एक घर डावीकडे सरकते. एकं घरात एकच १ पडतो, दहं घरात दोन, शतं घरात तीन, पुढे पुन्हा दोन आणि एक. म्हणजे उत्तराचा प्रत्येक अंक सांगतो की त्या उभ्या घरात किती एक जमले. ११ चा वर्ग १२१, १११ चा १२३२१, ११११ चा १२३४३२१, आणि नऊ एकांपर्यंत हाच जिना चढत जातो. कुठेही ‘हातचा’ घ्यावा लागत नाही, कारण कुठल्याही घरात नऊपेक्षा जास्त एक जमत नाहीत. सगळी गंमत या हातच्यात आहे. पुढे तिच्याकडे परत येऊच.

हा गुणाकार मुलांनी कागदावरच करावा असे मी आवर्जून सांगते. ऑफिसात एक्सेलमध्ये ही संख्या टाकून पाहा. एक्सेल फक्त पंधरा अंक लक्षात ठेवते आणि शेवटच्या २१ च्या जागी गुपचूप ०० लिहिते. पेन्सिल तसे करत नाही.

संख्या केवढी मोठी आहे? भास्कराचार्यांच्या लीलावतीत (इ.स. ११५०) स्थानांची जी नावे दिली आहेत ती एक, दश, शत, सहस्र अशी सुरू होऊन कोटी, अब्ज, खर्व, निखर्व करत परार्धापर्यंत जातात. परार्ध हे अठरावे स्थान. आपली संख्या सतराव्या स्थानावर थांबते, आणि त्या स्थानाचे नाव आहे ‘मध्य’. सेकंदाला एक याप्रमाणे मोजायला बसले तर ३९ कोटी वर्षे लागतील. पण मी पडले केमिस्ट. आमच्या लेखी ही संख्या फार लहान. पाण्याच्या एका थेंबात याच्या सव्वा लाखपटींहून जास्त रेणू असतात.

कापरेकरांना मात्र आकाराशी देणेघेणे नव्हते. ते अंकांच्या स्वभावाकडे पाहत. आपल्या संख्येचे तीन तुकडे करा:

१२३४५६७८ । ९ । ८७६५४३२१

दोन्ही बाजूंच्या तुकड्यांची बेरीज करा. ९९९९९९९९ येते, आणि मधला अंकही ९ च! १२३२१ घेतली तर १२ । ३ । २१ आणि १२ + २१ = ३३. म्हणजे डावा तुकडा आणि उजवा तुकडा मिळून जो अंक पुन:पुन्हा देतात तोच अंक मध्ये बसलेला. अशा सर्व संख्यांना त्यांनी डेम्लो म्हटले. मध्ये तो अंक अनेकदा आला तरी चालतो. उदाहरणार्थ, १६५५५३९ मध्ये १६ आणि ३९ मिळून ५५, आणि मध्ये पाचच पाच. एकांच्या वर्गांतून येणाऱ्या जिन्याच्या संख्या या कुटुंबातल्या खास, म्हणून त्या ‘वंडरफुल’. त्यांच्यावरचा कापरेकरांचा लेख १९३८ साली ‘मॅथेमॅटिक्स स्टुडंट’ या नियतकालिकात आला. १९३९ साली के. आर. गुंजीकर यांच्यासह लिहिलेला सिद्धांतावरचा लेख मुंबई विद्यापीठाच्या जर्नलमध्ये आला.

अंकांची बेरीजही पाहण्यासारखी आहे. १२१ च्या अंकांची बेरीज ४, १२३२१ च्या अंकांची ९, पुढच्या संख्येची १६. आपल्या सतरा अंकी संख्येच्या अंकांची बेरीज ८१, म्हणजे नऊ नवे. आणि ८१ ने तिला नि:शेष भाग जातो. भागाकार येतो १५२४१५७८९९७१०४१, जो १२३४५६७९ चा वर्ग आहे. (ही आठ गाळलेली १२३४५६७९ ओळखीची वाटत असेल. तिला ९ ने गुणले की नऊ एक मिळतात, १८ ने गुणले की नऊ दोन.) स्वतःच्या अंकांच्या बेरजेने ज्या संख्येला भाग जातो तिला कापरेकरांनी ‘हर्षद’ असे नाव दिले, आनंद देणारी. म्हणजे आपली संख्या डेम्लो तर आहेच, हर्षदही आहे.

आता त्या हातच्याकडे वळू. दहा एक घेतले तर? मधल्या घरात दहा एक जमतात, शून्य लिहून हातचा एक घ्यावा लागतो, तो शेजारच्या नवाला ढकलतो, तिथेही शून्य होऊन आणखी एक हातचा निघतो. उत्तर:

१११११११११‍१ × १११११११११‍१ = १२३४५६७९००९८७६५४३२१

जिना मधोमध मोडला. दोनदा हातचा घेतला, प्रत्येक हातच्याला अंकांची बेरीज ९ ने घटते, म्हणून बेरीज १०० ऐवजी ८२. बहुतेक लोक इथे वही मिटतात. पण या उत्तराचे दोन तुकडे करा. उजवीकडचे दहा अंक ०९८७६५४३२१ आणि उरलेले १२३४५६७९०. त्यांची बेरीज? पुन्हा दहा एक! ज्या संख्येचा वर्ग केला तीच परत आली.

वर्गाचे दोन तुकडे करून जोडले की मूळ संख्या परत येते, अशा संख्यांना आज सगळे जग ‘कापरेकर संख्या’ म्हणते. ४५ चा वर्ग २०२५, आणि २० + २५ = ४५ (२०२५ साली ही गंमत कुणी मुलांना दाखवली असेल अशी आशा आहे). ५५ चा वर्ग ३०२५. २९७ चा वर्ग ८८२०९, आणि ८८ + २०९ = २९७. ७०३ चा ४९४२०९, आणि ४९४ + २०९ = ७०३. पुन्हा २९७ आणि ७०३ मिळून पुरते एक हजार. १४२८५७ चा वर्ग २०४०८१२२४४९, तो २०४०८ आणि १२२४४९ असा तोडून जोडून पाहावा.

यात जादू नाही. नऊने भाग जातो का हे पाहायला आपण अंकांची बेरीज करतो, तेच हे मोठ्या मापात. एखाद्या संख्येचे उजवीकडून दहा-दहा अंकांचे तुकडे पाडून जोडणे म्हणजे तिला दहा नवांनी बनलेल्या ९९९९९९९९९९ ने भागून बाकी काढणे. दहा एकांच्या संख्येतून १ वजा केला की १११११११११० उरते, तिच्या अंकांची बेरीज ९, म्हणून तिला ९ ने भाग जातो. त्यामुळे वर्ग आणि मूळ संख्या यांच्यातल्या फरकाला दहा नवांनी बरोबर भाग जातो, आणि बाकी म्हणून मूळ संख्याच हाती लागते. नऊ एकांच्या बाबतीत हे जमत नाही, कारण ११११११११० च्या अंकांची बेरीज ८. तिथे दोन तुकडे (१२३४५६७८ आणि ९८७६५४३२१) जोडले की नऊ नव येतात. हिशेब रासायनिक समीकरणासारखा आहे, दोन्ही बाजूंचे अणू जुळलेच पाहिजेत.

इथे एक प्रश्न सरळ विचारायला हवा, कारण कापरेकरांना तो आयुष्यभर चिकटला. हे खरे गणित की नुसता खेळ? १९४० साली केंब्रिजच्या जी. एच. हार्डींनी गणितज्ञाची कैफियत मांडणारे छोटे पुस्तक लिहिले. रामानुजनचे पत्र ओळखणारे तेच हे हार्डी. त्यात त्यांनी उदाहरण दिले आहे की चार अंकी संख्यांत स्वतःच्या उलट्या संख्येची पट असणाऱ्या दोनच, ८७१२ (२१७८ ची चौपट) आणि ९८०१ (१०८९ ची नऊपट). मग त्यांनी निकाल दिला की असल्या गोष्टी कोड्यांच्या सदराला ठीक, गणितज्ञाला त्यात राम नाही, कारण त्यातून पुढे काही निघत नाही. कापरेकरांचे डेम्लोवरचे लेख याच्या एक-दोन वर्षे आधीचे. हार्डींनी ते पाहिले होते असे नव्हे, पण तो निकाल त्यांच्यावरही लागतो.

हार्डींचे म्हणणे अगदीच खोटे नाही. ८७१२ चा गुण हा दहा बोटांचा गुण आहे. आपल्याला आठच बोटे असती तर या अंकांना ते दिवस आले नसते. पण डेम्लोच्या जिन्याला हा आक्षेप लागू पडत नाही असे मला वाटते. आठांच्या पद्धतीत सात एक लिहून वर्ग केला तर १२३४५६७६५४३२१ येते, हातचा न घेता. मोजणी कितीचीही असो, जिना चढतो आणि त्या मापाच्या एक पायरी आधी थांबतो. ही बोटांची गोष्ट नाही, गुणाकाराच्या मांडणीची आहे. आणि कापरेकर संख्यांतून पुढे काही निघाले नाही असेही नाही. डग्लस इयानुची यांनी २००० साली दाखवले की त्या सगळ्या ९, ९९, ९९९ अशा संख्यांच्या विशिष्ट भाजकांशी जोडलेल्या आहेत. हे नव्वाण्णवचे नाते कापरेकरांनी शाळेतून घरी येऊन, हाताने गुणाकार करून गाठले होते.

शिवाय अंकांचे खेळ निरुपयोगी म्हणणाऱ्यांनी आमच्या प्रयोगशाळेतल्या बाटल्या पाहाव्यात. प्रत्येक रसायनाला सीएएस क्रमांक असतो. पाण्याचा ७७३२-१८-५. शेवटचा ५ हा पहारेकरी. त्याच्या आधीचे अंक उजवीकडून डावीकडे घेऊन १, २, ३, ४, ५, ६ ने गुणा: ८ + २ + ६ + १२ + ३५ + ४२ = १०५, शेवटचा अंक ५. क्रमांक उतरवताना एक अंक चुकला तर बहुतेक वेळा हा पहारेकरी ओरडतो. क्रेडिट कार्डाच्या नंबरातही असाच एक बसलेला असतो.

कापरेकरांचे नाव सर्वात जास्त गाजले ते ६१७४ मुळे, १९४९ साली. चार अंकी कुठलीही संख्या घ्या, चारही अंक सारखे नकोत. अंक उतरत्या क्रमाने लावा, त्यातून चढत्या क्रमाने लावलेली संख्या वजा करा, आलेल्या उत्तरावर तेच पुन्हा करा. जास्तीत जास्त सात पायऱ्यांत ६१७४ येते आणि तिथून हलत नाही. त्यांचे जन्मसाल १९०५ घेऊन मी पाहिले: ९५१० − ०१५९ = ९३५१, मग ८१७२, ७४४३, ३९९६, ६२६४, ४१७६, आणि ६१७४. पुऱ्या सात. मास्तरांचे स्वतःचे साल सर्वात लांबच्या रस्त्याने जाते!

नावांच्या बाबतीत मात्र त्यांचे नशीब तितके बरे नव्हते. हर्षद संख्यांना पुष्कळ पुस्तकांत निवेन संख्या म्हणतात, आयव्हन निवेन यांनी १९७७ साली एका व्याख्यानात त्यांचा उल्लेख केला म्हणून. हर्षद हे नाव १९५५ चे. त्यांची आणखी एक कल्पना म्हणजे स्वयंभू संख्या. कुठल्याही संख्येत तिच्या अंकांची बेरीज मिळवली की दुसरी संख्या जन्मते, २१ मधून २४. पण २० ला अशी आई सापडत नाही, ती स्वयंभू. या संख्यांना देवळाली संख्याही म्हणतात. १९७४ साली कोलंबियातल्या एका गणितज्ञाने त्या पुन्हा मांडल्या आणि त्या कोलंबियन संख्या झाल्या. डेम्लो हे नाव मात्र कुणी बदलले नाही. मला वाटते डोंबिवली जरा वाकडी लिहिली म्हणून ती टिकली, परक्यांना ते नाव आपल्यातलेच वाटले असेल.

देवळालीच्या या शिक्षकाला देशातल्या मोठ्या गणितज्ञांनी फारसे मनावर घेतले नाही. ते परिषदांना जात, निबंध वाचत, स्वतःच पुस्तिका छापून घेत. संख्यांच्या नादाची तुलना त्यांनी दारुड्याच्या पिण्याशी केली होती, सुटता सुटत नाही अशा अर्थाने. मार्च १९७५ मध्ये अमेरिकेतल्या ‘सायंटिफिक अमेरिकन’ मासिकात मार्टिन गार्डनर यांनी आपल्या सदरात त्यांच्याविषयी लिहिले आणि मग एकदम जगभर कापरेकर हे नाव झाले. तेव्हा ते सत्तर वर्षांचे होते, पत्नी १९६६ साली गेलेल्या, पेन्शन पुरत नव्हते म्हणून गणित-विज्ञानाच्या शिकवण्या चालू होत्या. १९८६ साली देवळालीतच ते वारले. माझ्या नावामागे डॉक्टर लागते ते प्रबंधाला गाइड होते, प्रयोगशाळा होती, शिष्यवृत्ती होती म्हणून. मास्तरांकडे यातले काहीच नव्हते, आणि तरी त्यांचे काम आज शोधनिबंधांचा विषय आहे. हे लिहिताना जरा संकोच वाटतो, पण लिहिल्याशिवाय राहवत नाही.

शुक्रवारच्या वर्गातल्या मुलांसाठी थोडे काम देते. पालकांनी मदत केली तरी चालेल, कॅल्क्युलेटर मात्र नको.

अकरा एक घेऊन वर्ग हाताने करायचा. किती वेळा हातचा घ्यावा लागला ते लिहायचे, उत्तरातल्या अंकांची बेरीज १२१ पेक्षा कितीने कमी येते ते पाहायचे आणि दोन्हींचा संबंध सांगायचा. मोठ्या मुलांनी ३ पासून ९७ पर्यंतच्या सगळ्या स्वयंभू संख्या शोधाव्यात. ५, ७, ९, २० आणि ३१ या सांगून टाकते, बाकी सात उरतात.

आणि एक जिना नुसता पाहण्यासाठी. नऊनंतर उतरायच्या ऐवजी दहापर्यंत चढून मग उतरलो तर १२३४५६७८९१०९८७६५४३२१ ही वीस अंकी संख्या होते. आपल्या डेम्लोचे तुकडे पडतात, ३ चार वेळा, ३७ दोनदा आणि ३३३६६७ दोनदा असे गुणले की ती तयार. या वीस अंकी संख्येला मात्र १ आणि ती स्वतः सोडून कशानेच भाग जात नाही. ती मूळ संख्या आहे. उत्तरे पुढच्या वर्गाला वहीसकट आणावीत.